गडग्यापलीकडचं खळं

लग्न होऊन मी बोर्लीहून या गावात आले तेव्हा मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, मला देवाच्या आधी हॉस्पिटल दाखवलं. आमच्या बाजूला नव्या सुनेला हरिहरेश्वराला नेतात. मामंजी मात्र पुढे काठी आपटत आणि मी हिरव्या चुड्यासकट मागे, असे आम्ही हॉस्पिटलच्या दारात जाऊन उभे राहिलो. दारावर निळी पाटी होती. त्यांनी मला ती मोठ्याने वाचायला लावली, कारण सून सातवीची फायनल पास होती आणि ते गावाला कळायला हवं होतं. मी वाचलं, 'श्रींच्या कृपेने या रुग्णालयात हृदयविकाराने आजवर एकही मृत्यू झालेला नाही.'

"हाय का तुमच्या बोर्लीत असं?" मामंजींनी विचारलं.

बोर्लीत बाजार होता, शाळा होती, हॉस्पिटल मात्र नव्हतंच, त्यामुळे त्यात कोणी मरायचा प्रश्न नव्हता. पण नव्या सुनेने असलं काही बोलायचं नसतं. मी मान हलवली. पुढे मी फार वर्षं नुसती मान हलवत राहिले नाही, हे गावाला ठाऊक आहे.

हे हॉस्पिटल गावच्याच एका शेटनी बांधलं होतं. सुपारीच्या व्यापारात ते मुंबईला मोठे झाले. त्यांचे वडील छातीत कळ येऊन बंदरावरच गेले, आगबोटीची वाट बघता बघता. त्या दुःखातून शेटनी आठ खाटा टाकल्या, ऑक्सिजनचं नळकांडं आणलं, देशावरचा एक डॉक्टर आणि एक नर्सबाई नेमली. हे पुण्याचं काम होतं आणि त्याची थट्टा मी करणार नाही. थट्टा करायची ती त्याच्या पुढची.

किनाऱ्यावरच्या आणखी दोनतीन गावांतही शेटनी असे दवाखाने काढले होते. दरवर्षी चैत्रात, पावसाने बोटी बंद व्हायच्या आत, ते कमिटी घेऊन यायचे, सगळे दवाखाने मोजायचे आणि ज्याचं काम उत्तम त्या गावाला चांदीचा पेला द्यायचे. आता हॉस्पिटलचं काम मोजायचं कसं? शेटना सुपारी पारखायची सवय. पोत्यातून मूठभर वानगी काढायची, त्यातली एक अडकित्त्याने फोडायची, आत चांगली निघाली की सगळं पोतं चांगलं. हॉस्पिटललाही तोच न्याय. फरशीत तोंड दिसलं पाहिजे. कुठल्याही एका खाटेपाशी थांबून 'कसं वाटतंय?' विचारलं की रोग्याने 'बरं वाटतंय' म्हटलं पाहिजे. आणि हृदयाच्या दुखण्याने कोणी गेलेलं नसलं पाहिजे. ही तिसरी अट वडिलांमुळे आली होती, म्हणून सगळ्यांत जड होती. किती रोगी आले, कोणाला काय दिलं, घरी गेल्यावर पुढे त्यांचं काय झालं, हे कोणी विचारत नसे. फोडलेली सुपारी चांगली निघाली, तर बाकीच्या कोणी बघायच्या?

पेला दरवर्षी आमच्या गावाला. माणसं आमच्याकडेही मरतच होती. ती हॉस्पिटलात मरत नव्हती, इतकंच.

हे जमलं कसं, ते सांगते. आमच्याकडे मरणाऱ्या माणसाला खाटेवर जीव सोडू देत नाहीत. वेळ आली असं वाटलं की त्याला खाली काढतात, म्हणजे शेणाने सारवलेल्या जमिनीवर घोंगडी टाकून उतरवतात, तोंडात गंगाजळ आणि तुळशीचं पान घालतात. खाटेवर मेला त्याला गती नाही, असं जुनी माणसं मानतात. हॉस्पिटलात तर शहाबादी फरशी, तीही तोंड दिसेल इतकी घासलेली. तिथे सारवणार कुठे? सुरुवातीला यावरून नातेवाइकांची आणि डॉक्टरांची भांडणं व्हायची. मग आमच्या मामंजींनी डोकं चालवलं. ते हॉस्पिटलच्या गावकमिटीचे मुख्य होते आणि त्यांची सुपारीची वाडी हॉस्पिटलला लागूनच होती, मध्ये फक्त चिऱ्यांची एक बुटकी भिंत, गडगा. त्यांनी वाडीच्या कोपऱ्यात खळं करून दिलं. चोपून, सारवून, वर नारळाच्या झापांचा मांडव. गडग्यात माणूस उचलून नेण्यापुरती वाट पाडली. रोग्याची नाडी बसायला लागली की डॉक्टर नातेवाइकांना हळूच सांगत, "वेळ झालीय. तुमच्या धर्माप्रमाणे करा." चार जण रोग्याला उचलत, गडग्यापलीकडे नेत, आणि तो खळ्यात जाई. नातेवाईक डॉक्टरांच्या पाया पडत की धर्म राखलात. डॉक्टरांचा आकडा स्वच्छ राही. मामंजींना पुण्य मिळे. मरणाऱ्याची तक्रार असली तरी ती ऐकायला कोणी उरत नसे.

लोकांच्या बोलण्यातही ते बसलं. "हॉस्पिटलात चांगला व्हता हो, खळ्यात गेला," असं अगदी मनापासून म्हणत. जसं काही खळ्याचीच हवा वाईट.

यातली पाटीची कल्पनाही मामंजींची. रंग त्यांनीच आणवला. माणूस तसा वाईट नव्हता. पण नाकाने कांदे सोलायची हौस दांडगी, आणि गावचा पेला म्हणजे जणू त्यांच्याच कपाटातलं भांडं. दर आठवड्याला चिंचेने घासायला तो मलाच द्यायचे.

एकदा मी न राहवून विचारलं, "मामंजी, गडग्याच्या अलीकडे श्वास चालू असलेला माणूस पलीकडे नेल्या नेल्या कसा हो जातो?"

"त्याची वेळ झालेली असते."

"आणि वेळ झाली हे कळतं कसं?"

"दाक्तरला कळतं," ते म्हणाले, आणि सुपारी कातरायला लागले. कातरताना ते बोलत नसत. तेव्हा विषय संपला.

माझ्या लग्नानंतरचं चौथा की पाचवा चैत्र असेल. दुसऱ्या दिवशी कमिटीची बोट येणार होती. मामंजी सकाळपासून हॉस्पिटलच्या भिंतींना चुना लावून घेत उन्हात उभे होते. चुना पातळ झाला म्हणून त्यांनी गड्याला शिव्या घातल्या, आणि त्या घालता घालता छातीवर हात ठेवून खाली बसले, अगदी पाटीच्या खाली. मला निरोप आला तेव्हा मी आणि आत्याबाई, म्हणजे माझी सासू, धावत गेलो. अंगावर घामाच्या धारा, चेहरा राखेसारखा, तरी म्हणत होते, "पित्त झालंय. चुना पुरा करा."

डॉक्टरांनी त्यांना खाटेवर घेतलं आणि खरं सांगायचं तर सगळं व्यवस्थित केलं. दंडात झोपेचं इंजेक्शन दिलं. नळकांडं ओढून आणून नाकाला नळी लावली. आम्हाला बजावलं, "हृदयविकाराचा झटका आहे. पडून राहायचं. उठायचं नाही, बोलायचं नाही, कुशीवरसुद्धा आपण होऊन वळायचं नाही. जरा श्रम झाला तर हृदय बंद पडेल." मला त्या घटकेला तो माणूस देव वाटला. माझे यजमान मुंबईला नोकरीला, घरात आम्ही दोघी बायका. दुसरा आधार कोणता?

दुपार कलली आणि डॉक्टर पुन्हा नाडी बघायला आले. बराच वेळ मनगट धरून उभे राहिले. मग खिडकीतून बाहेर पाहिलं. बाहेर पताका लावायचं काम चाललं होतं. आम्हाला व्हरांड्यात बोलावून ते घसा खाकरून म्हणाले, "नाडी फार हलकी लागतेय. रात्र निघेल असं वाटत नाही. तुमच्या धर्माप्रमाणे आता खाली काढलेलं बरं."

मी म्हटलं, "सकाळी तुम्ही कुशीवर वळायचं नाही म्हणालात. आता उचलून गडगा ओलांडायचा?"

"ते उपचाराचं झालं, वहिनी. हे धर्माचं."

"आणि नळकांडं? ते येणार का पलीकडे?"

"ते हॉस्पिटलचं आहे. बाहेर नेता येत नाही."

मी संतापले. शहाणपणाचं बोलत होता, आवाज हळू, डोळे खाली, आणि हे सगळं माझ्या सासऱ्याच्या जिवावर. डॉक्टर काही राक्षस नव्हता, भित्रा होता. पेला गेला तर शेट आपल्याला हलवणार, या विचाराने त्याची पाचावर धारण बसली होती. पण भित्र्या माणसाच्या हातूनही माणूस तेवढाच मरतो.

आम्ही आत गेलो तेव्हा मामंजी जागे होते. व्हरांड्यातलं सगळं त्यांना ऐकू गेलं असणार. त्यांनी माझा हात धरला. हातात जोर नव्हता, पण सोडला नाही.

"पोरी," ते म्हणाले, "मला खळ्यात नको."

मी म्हटलं, "बोलू नका."

"तिथनं कोण परत आलंय का? मी बगितलंय ना. मीच बगितलंय." आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आयुष्यभर गावाला दम देणारा माणूस त्या क्षणी लहान मुलासारखा घाबरला होता. मला त्यांची दया आली आणि तितकाच रागही आला. आधीचे लोकही असेच कोणाचा तरी हात धरून असतील. तेव्हा हे गडग्याची वाट मोकळी करून उभे होते.

आता सगळं आत्याबाईंवर होतं. उचलणारे चार जण दारात येऊन उभेच होते, आणि बायकोने 'न्या' म्हटलं की नेणार. आणि आत्याबाई तर पक्क्या धर्माच्या. एकादशी, सोवळं, संध्याकाळी तुळशीला दिवा, काही चुकत नसे. नवरा खाटेवर गेला तर त्याला गती मिळणार नाही, ही धास्ती त्यांच्या तोंडावर लिहिलेली होती. त्या कधी मामंजींकडे बघत, कधी दाराकडे.  मग एकाएकी उठल्या आणि बाहेर निघून गेल्या. मला वाटलं, संपलं. गंगाजळ आणायला गेल्या.

त्या आल्या तेव्हा डोक्यावर पाटी होती आणि पाटीत गोठ्यातलं ताजं शेण. कासोटा खोचून त्या मामंजींच्या खाटेशेजारी खाली बसल्या आणि त्या आरशासारख्या फरशीवर शेण ओतून सारवायला लागल्या. भिंतीपासून सुरुवात, अर्धवर्तुळं काढत, घरचं अंगण सारवावं तशा.

नर्सबाई किंचाळली. डॉक्टर धावत आले. "अहो, काय करताय हे! उद्या कमिटी येतेय!"

आत्याबाईंनी हात थांबवला नाही. "दाक्तर, तुम्हाला सारवलेली जिमीन पायजे. ही घ्या. वेळ आली तर मी ह्यांना हितंच उतरवीन. तोवर खाटेला कुणी हात लावायचा न्हाय."

"पण हे हॉस्पिटल आहे!"

"व्हय. म्हणून तर हितं आणलंय."

 धर्माचा मुद्दा डॉक्टरांनीच काढला होता, आणि धर्म आता फरशीवर ओला होऊन पसरला होता. उचलणारे चौघे एकमेकांकडे बघून निघून गेले. मी पदर तोंडाला लावला. शेणाचा वास म्हणून नव्हे, हसू आवरेना म्हणून. लगेच रडूही आलं.

रात्र निघाली. मामंजीही त्यातून निघाले. डॉक्टरांना नाडी हलकी लागली ती बहुधा त्यांचीच बोटं थरथरत होती म्हणून, असं मी आजही म्हणते.

सकाळी शेट आले. पांढरंशुभ्र धोतर, बंद गळ्याचा कोट, खिशात चांदीचा अडकित्ता, मागे कमिटी. वॉर्डाच्या दारात पाऊल टाकलं आणि नाकाला रुमाल लावला. याच गावातल्या सारवलेल्या घरात जन्मलेला माणूस! पण मुंबईचं पाणी लागलं की नाकही मोठं होतं. ते फरशी बघत राहिले, डॉक्टर छताकडे बघत राहिले. शेवटी शेट वानगी काढायला पुढे झाले आणि नेमके मामंजींच्या खाटेपाशी थांबले.

"कसं वाटतंय?"

मामंजींनी वर्षानुवर्षं रोग्यांकडून या प्रश्नाचं उत्तर पाठ करून घेतलं होतं. ते त्यांना झोपेतही आलं असतं. त्यांनी नाकातली नळी बाजूला केली.

"जिवंत हाय," ते म्हणाले.

शेटना हे उत्तर कुठल्या बाजूला धरावं कळलं नाही. ते पुढच्या खाटेकडे गेले.

पेला त्या वर्षी दुसऱ्या गावाला गेला. कारण, अस्वच्छता. आमच्या हॉस्पिटलात नाडी बसत चाललेला हृदयाचा रोगी शेवटपर्यंत खाटेवर राहिला आणि बरा होऊन चालत घरी गेला, असं माझ्या माहितीत पहिल्यांदाच घडलं, आणि त्याच वर्षी ते हॉस्पिटल नापास झालं. गावाने ते आत्याबाईंच्या नावावर मांडलं. "गावाचा पेला घालवला शेण घालून," असं विहिरीवर बायका मला ऐकवत. एक म्हातारी कोळीण तेवढी आमच्या बाजूची. दारात मासळीची पाटी उतरवून ती म्हणाली, "मावरं घेताना कल्लं उघडून बगावं, बाय. वरनं चमकतंच सगलं." पण तिचं मत कोण विचारतो?

महिना-दीड महिना पडून राहिल्यावर मामंजी काठी टेकत पहिल्यांदा घराबाहेर पडले ते थेट वाडीत गेले. दोन गडी बोलावले. झापांचा मांडव उतरवला. खळं खणून काढलं आणि तिथे केळी लावल्या, त्यांच्या सावलीत सुपारीची रोपं. गडग्याच्या वाटेत चिरे रचून ती बुजवली. डॉक्टर खिडकीतून बघत होते. 

खळं गेलं आणि माणसं हॉस्पिटलात मरायला लागली. म्हणजे जिथे मरत होती त्याच्या दहा पावलं अलीकडे. पहिल्याच पावसाळ्यात हृदयाच्याच दुखण्याने एक दुकानदार खाटेवर गेला, मग एक म्हातारी गेली. पाटी उतरवावी लागली. झालं, गावाने निकाल दिला, की हॉस्पिटल बिघडलं. "पूर्वी हितं माणूस मरत नव्हता," लोक म्हणायचे. कोणी वैदूकडे जायला लागले, कोणी हरिहरेश्वराला नवस बोलायला. मामंजी चावडीवर बसून घसा फोडायचे, "अरे, आदीबी मरायचे! गडग्यापलीकडं मरायचे! मी बगितलंय!" लोक आदराने ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "मामा, तुम्हीच तर पाटी लावली व्हती." आपलेच दात आणि आपलेच ओठ. घरी येऊन ते जेवत नसत.

शेट वारल्यावर मुलांनी पेल्याचा नाद सोडला. तो भित्रा डॉक्टर देशावर परत गेला आणि त्याच्या जागी एक तरुण आला. हा वेगळाच प्राणी. हृदयाचा रोगी आला की विचारायचा, कळ कधी आली, इथे आणायला उशीर का झाला. बरा होऊन घरी गेलेल्याच्या दारातही जाऊन उभा राहायचा, चालताना दम लागतो का, पथ्य पाळता का. ज्यांच्या घरचं माणूस गेलं त्यांच्याकडे तर आधी जायचा, आमचं काय चुकलं ते सांगा म्हणून. गावाला हे अभद्र वाटलं. मेलेल्यांची चौकशी करणारा डॉक्टर कोणाला आवडेल? त्याच्याबरोबर काठी आपटत घरोघर हिंडायचे ते फक्त मामंजी. खळ्यात गेलेल्यांची घरंही त्यांनी त्याला दाखवली. एकेका दारात मामंजी मान खाली घालून उभे राहायचे, हे मी पाहिलं आहे.

दुसरा झटका आला तेव्हा खळ्यातल्या सुपाऱ्या धरायला लागल्या होत्या. या वेळी यजमान घरी होते. त्यांनी आणि शेजाऱ्यांनी मामंजींना खुर्चीत बसवून उचललं. दारातून निघताना ते मला आणि आत्याबाईंना म्हणाले, "ह्या टायमाला मला मोजा म्हणावं."

तरुण डॉक्टरने करायचं ते सगळं केलं. दोन दिवस तो खाटेपासून हलला नाही म्हटलं तरी चालेल. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने आम्हाला आत बोलावलं आणि स्पष्ट सांगितलं, "आता माझ्या हातात काही नाही. तुमचा काही विधी असेल तर करा. फरशीची काळजी करू नका."

भावकीतली माणसं पुढे झाली. "खाली काढा, खाली काढा," सुरू झालं. मी दाराकडे पाहिलं. आत्याबाईंनी शेणाची पाटी आणून दाराबाहेर ठेवली होती, वर फडकं झाकून. त्या मामंजींच्या उशाशी बसल्या होत्या. त्यांच्याइतकी गतीची धास्ती त्या खोलीत कोणाला नव्हती.

"न्हाय," आत्याबाई म्हणाल्या. "खाटेवरच ऱ्हाऊ दे."

त्यांनी खाटेवरच त्यांच्या तोंडात गंगाजळ घातलं. थोड्या वेळाने मामंजी गेले. डॉक्टरने त्यांचे डोळे मिटले, घड्याळ पाहिलं, आणि भावकीतला एकजण नेहमीच्या सवयीने पुटपुटला, "घरी नेता नेता गेले असं सांगू." आत्याबाई गर्रकन वळल्या. त्यांना इतक्या चढ्या आवाजात बोलताना मी एकदाही ऐकलं नव्हतं.

"हितं गेले! हॉस्पिटलात गेले, खाटेवर गेले. दाक्तर, तसंच लिवा. ह्यांना मोजा."

मग त्या रडल्या. सगळं आटोपून घरी परतताना त्यांनी दाराबाहेरची ती पाटी उचलली. शेण वरून वाळलं होतं. गडग्याला वळसा घालून त्या वाडीत गेल्या, जिथे पूर्वी खळं होतं तिथे वाकल्या, आणि सगळं शेण सुपारीच्या मुळांशी घातलं.